एका चिलमीचं अंतर

मन्मथ,

परवा सकाळी दुकानाच्या फळ्या काढल्या तेव्हा पायरीवर एक परगावचा माणूस उभा होता. बोलण्यावरून कडा गावाकडचा वाटला. सोबत त्याची म्हातारी आई होती. त्याने विचारलं, "तेलगाव अजून किती लांब हाय?" दुकानात तिघे-चौघे बसले होते. सगळ्यांनी माना वळवून तुझ्या ओट्याकडे पाहिलं. ओट्यावर तुझी घोंगडी उन्हात टाकलेली होती. ती पाहिल्यावर मग सगळ्यांना आठवलं, की तू आता नाहीस.

शेवटी मी विचारलं, "चालणार कोण आहे? तू की आई?"

"दोघंबी."

मी म्हातारीचे पाय पाहिले आणि म्हणालो, "मग दुपार कलेल. वाटेत चिंचेखाली विहीर आहे. तिथं बसल्याशिवाय पुढं जाऊ नका."

हे उत्तर तुझं होतं. नव्या पोरांना वाटतं तू जन्मापासून असाच होतास, अंतर विचारणाऱ्याला आधी त्याचे पाय विचारणारा. तू तसा नव्हतास. तू गेल्यावर लोक तुझ्याविषयी गोड बोलतात ते बोलू देत. मी वाणी आहे. माल जेवढा असेल तेवढाच सांगायची सवय लागली आहे.

तू निजाम सरकारच्या डाकेचा हरकारा, गिरजाचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा. दिंद्रुडहून थैली घेऊन निघायचास, आपल्या गावावरून तेलगावच्या वाटेला लागायचास. काठीचे घुंगरू वाजले की बाया म्हणायच्या, मन्मथ आला. त्या वळून बघेपर्यंत मन्मथ गेलेला असायचा. पळताना तुझं तोंड मिटलेलं असे. मला ते शेवटपर्यंत चमत्कारिक वाटत आलं. कोणताही प्राणी पळाला की तोंड उघडतो, कुत्रं, बैल, घोडा. तू उघडत नव्हतास.

म्हणून अंतर विचारायचं तर लोक तुलाच विचारायचे. तुझ्याकडे माप एकच होतं. "एक चिलीम ओढून होईस्तोवर," तू म्हणायचास. फार लांबचं गाव असलं तर दोन चिलमी. गिरजाच्या चुलत बहिणीचं वऱ्हाड तुझ्याच शब्दावर निघालं. जेवणवेळेला पोचायचं ते दिवेलागणीला पोचलं. नवऱ्या मुलाच्या बापाने दारातच विचारलं, "वाटंत पेरनी करीत आलात का काय?" तेव्हापासून लोक तुझ्या आकड्याची दुप्पट धरायला लागले. बाया-लेकरं असली की चौपट. तुला हे कोणी सांगितलं तर तू हसून म्हणायचास, "मंग रमत गेले असतील."

रमत गेले, बसत गेले, गप्पा मारत गेले. त्यांना त्याहून लवकर जाता आलंच नाही, ही गोष्ट तुझ्या मनात शिरतच नव्हती.

एकदा तू मला विहिरीपासून मारुतीच्या देवळापर्यंत पळायला लावलंस, आठवतं? मी अर्ध्या वाटेत खाली बसलो. छातीत भाता चालला होता, डोळ्यांपुढे पिवळं झालं होतं. तू परत फिरलास आणि माझ्याभोवती चकरा मारायला लागलास, पळतच.

"उठा दाजी. नाटकं करू नका."

"दम लागलाय."

"दम लागतोच की. त्याच्या म्होरं गेलं की सुटतो."

"माझा सुटत नाही."

"कधी गेलाच न्हाई म्होरं, सुटंल कसा? गादीवर बसून तूर मापनाऱ्याला काय कळतंय."

गिरजा ओट्यावरून म्हणाली, "मन्मथ, माझ्या नवऱ्याला मारू नगंस. दुकान कोन उघडंल?"

"अक्का, तू लाडावून ठिवलंय ह्यांना."

तेव्हा मला राग आला होता. तू मला खोटा समजत नव्हतास, हे फार उशिरा कळलं. तुझ्या शरीराने तुला जे कधी सांगितलं नव्हतं ते दुसऱ्याच्या शरीरात असेल, असं तुला वाटायचं कारणच नव्हतं. भरल्या घरात जन्मलेल्याला भूक ऐकून माहीत असते, तसा तुला दम ऐकून माहीत होता.

त्यावरून आपला जो वाद सुरू झाला तो कधी संपला नाही. तू म्हणायचास, "मागं वाघ लागला की लंगडाबी पळतो, दाजी. मान्सं पळत न्हाईत कारन मागं काय नसतं." मी म्हणायचो, "लंगडा पळत नाही, लंगडा मरतो. जो पळाला तो येऊन तुला गोष्ट सांगतो. मेलेला सांगायला येत नाही. म्हणून तुझ्या हिशेबात सगळेच पळालेले." तू मान हलवायचास आणि म्हणायचास, "तुमी लई इचार करता. इतक्या येळात मी दिंद्रुडला जाऊन आलतो."

मग त्या वैशाखात पटकी आली.

ते दिवस मी इथे फार लिहिणार नाही. नदीकडच्या घरांपासून सुरुवात झाली. सकाळी पाणी भरणारी बाई संध्याकाळी नसायची. गावात हाका बंद झाल्या. नाव घेऊन हाक मारली तर ती ऐकून दुसरंच कोणी ओ देईल, असं बाया म्हणायच्या, आणि पुरुष त्यावर हसत नव्हते. गिरजा मला जेवायला बोलवायची ती ताटावर वाटी वाजवून.

मरीआईचा गाडा एकदा काढून झाला होता. लाकडी खेळण्याएवढा गाडा, त्यात आई, हिरव्या बांगड्या, दहीभात. घरटी एका माणसाने सोबत जायचं, गाडा शिवेच्या दगडापाशी पलीकडे तोंड करून ठेवायचा आणि ऊन डोक्यावर आलं, सावली पायाखाली गेली, की परत पळायचं. मागे वळून पाहायचं नाही. कोणाचं नाव घ्यायचं नाही. जो वेशीतून आत आला त्याने माळाकडे पाठ करून उभं राहायचं. सावली पायातून बाहेर पडली की भगताने वेशीच्या तोंडात कडुलिंबाच्या पाण्याची धार ओढायची. मग जो बाहेर राहिला तो दुसऱ्या दिवसाच्या उजेडापर्यंत बाहेर. त्याच्यासोबत जे काय असेल तेही बाहेर.

शिवेचा दगड वेशीतून दिसतो. तिथून गावातलं कोणीही सावलीच्या आत परत यायचं, लंगडासुद्धा. पण त्या खेपेला पटकी गेली नाही. तेव्हा चावडीवर ठरलं की गाडा फार जवळ ठेवला गेला. आता तो पश्चिमेच्या माळावर, एकट्या कडुलिंबापाशी न्यायचा. वेशीपासून कोसभर.

पाटलाने तुला विचारलं. "मन्मथ, लिंबापासून वेशीपतोर सावलीच्या आत गाव येईल का?"

"एक चिलीम, पाटील. लई झालं तर दीड."

मी उभा राहिलो. म्हणालो, "कोणाची चिलीम? याला विचारू नका. ज्याला दम लागतो त्याला विचारा."

पाटील म्हणाला, "पळन्याचं पळनाऱ्याला न्हाई इचारायचं तर काय बसनाऱ्याला इचारावं, आप्पा?"

त्या पंधरवड्यात गाव पहिल्यांदा हसलं. मीही हसलो असेन. बोलणं ऐकायला बरोबरच होतं. लोहाराला लोखंड विचारतात, कुंभाराला माती. सगळ्या गावाने तीच चूक केली आणि ती शहाणपणाची वाटली.

तुझ्या घरून कोण, हा प्रश्न त्यानंतर आला. तू घुंगराची काठी घेऊन सगळ्यांच्या पुढे राहणार, म्हणजे तू मरीआईचा माणूस, घराच्या मोजणीत नाहीस. घरात दुसरं माणूस म्हणजे तुझी बायको, पार्वती. तिची शेवंता तेव्हा पाळण्यातली. गिरजाने तुला आमच्या परसात गाठलं.

"तिचं अंग अजून भरलं न्हाई. तिला कावून पाठवतोस?"

"जाताना चालायचंच हाय, अक्का. येताना जरा पाय उचलायचा. शेतातल्या बाया आठव्या दिशी उभ्या ऱ्हात्यात."

"उभं ऱ्हानं वेगळं."

"ती पळंल. मला म्हाईत हाय."

पार्वती दाराशी उभी होती. तिला कोणी विचारलं नाही. तिने शेवंताला गिरजाच्या मांडीवर ठेवलं, पदर खोचला आणि वेशीकडे चालायला लागली.

जातानाचं मला स्पष्ट आठवतं. हलगी नव्हती. फक्त तुझे घुंगरू आणि गाड्याच्या चाकांची कुरकुर. माळ काळा, भेगाळलेला, एक पाखरू नाही. कडुलिंबाखाली गाडा ठेवला. सावल्या आखडत आखडत पायाशी आल्या आणि मग नाहीशा झाल्या. मी आजूबाजूला पाहिलं. सगळं गाव माळावर उभं होतं आणि एकाचीही सावली नव्हती. सगळी माणसं जमिनीवर नुसती ठेवल्यासारखी दिसत होती, उचलली तर मागे काही राहणार नाही अशी. मग तू काठी आपटलीस.

तू दोन क्षणांत लहान झालास. तुझ्यामागे तरणी पोरं. मी मध्यावर कुठेतरी. पहिल्या ओढ्याच्या आत माझं पळणं संपलं आणि मी पळाल्यासारखं चालायला लागलो. बाकीच्यांचंही तेच झालं. पुढे माणसं वाकलेली दिसत होती, गुडघ्यांवर हात ठेवून. उन्हात माणसांच्या श्वासांचा आवाज सगळीकडून येत होता, रवंथ करणाऱ्या गुरांच्या गोठ्यासारखा. आणि माझ्या मागे पावलं होती. मी थांबलो की ती थांबत नव्हती, म्हणून मला धीर होता. माझ्यामागे कोणीतरी आहे, म्हणजे मी शेवटचा नाही. नंतर मी पुष्कळांना विचारलं. प्रत्येकाने हेच सांगितलं, की मागे पावलं होती, म्हणून आपण शेवटचे नाही हे कळत होतं.

मी वेशीतून आत आलो आणि पाठ करून भिंतीशी उभा राहिलो. तू माझ्या शेजारी होतास. कधीचा येऊन थांबलेला. तुझं अंग वाळलंसुद्धा होतं.

तू ओठ न हलवता विचारलंस, "दाजी, ती मागं हाय का?"

"कसं सांगू? बघायचं नाही."

"पावलं?"

"पावलं होती."

तू मान हलवलीस. एकेक जण आत येत राहिला. येणारा आपटल्यासारखा भिंतीला टेकायचा आणि खोकायचा. प्रत्येक येणाऱ्याबरोबर तुझे कान उभे राहत. पार्वतीच्या पायातली जोडवी जड होती, दगडावर वाजायची. तू तीच ऐकत होतास. म्हातारा दगडू आला. सुताराची लंगडी सून आली. लंगडी आली, मन्मथ, आणि तेव्हा मी पहिल्यांदा तुझ्याकडे तोंड वळवून पाहिलं. तुझं तोंड उघडं होतं.

मग येणं थांबलं. बाहेर माळावर पावलं वाजत होती. खूप हळू. ती वेशीतल्या सगळ्यांना ऐकू येत होती, कारण सगळ्यांनी श्वास धरले होते. एक पाऊल, मग बराच वेळ काही नाही, मग एक. ती जवळ येत नव्हती. आम्ही सगळे खाली, आपापल्या पायांकडे पाहत होतो. आमच्या अंगठ्यांपुढे काळी रेघ उमटली. आधी वाटलं घाम सांडला. मग ती रेघ बोटभर झाली.

भगत कळशी घेऊन पुढे झाला. म्हणाला, "पाटील, सावली निघाली."

"थांबा," तू म्हणालास.

"मन्मथ, थांबून कसं चालंल? मागं गाव हाय."

"येतीया. जरा थांबा. येतीया ती."

"तूच म्हनलातास एक चिलीम."

हे कोण बोललं ते मी लिहीत नाही. तो माणूस अजून आहे आणि त्याला त्याचं दुःख आहे.

तेव्हा तू वळलास. एवढ्या माणसांत एकटा तू माळाकडे तोंड करून उभा राहिलास. क्षणभर तू जागचा हलला नाहीस. मला तुझा चेहरा अर्धा दिसत होता आणि मी त्यात तो क्षण आजवर शोधतो आहे, की तू काय पाहिलंस. मग तू काठी खाली टाकलीस आणि बाहेर गेलास. तुझी पावलं पळत गेली, आणि मग पळायची थांबली.

तुम्ही परत आलात ते चालत. फार हळू. आमच्या सावल्या वीतभर झाल्या होत्या. पाटलाने भगताच्या हातातली कळशी धरून ठेवली होती, हे त्याचं मी विसरणार नाही. पार्वतीची जोडवी वेशीच्या दगडावर वाजली आणि मगच धार ओढली गेली. गिरजाने शेवंताला तिच्या हातात दिलं. पोर रडून निळं पडलं होतं.

पटकी त्यानंतर काही दिवस राहिली आणि मग गेली. तू वळून पाहिलंस म्हणून ती राहिली, असं लोक म्हणाले. मी आधीची आणि नंतरची घरं ताडून पाहिली होती. फरक नव्हता. चावडीवर मी तसं सांगितलंही. पण भ्यालेल्या माणसाला हिशेब ऐकू येत नाही. पार्वतीला 'मागची' हे नाव पडलं. पुष्कळ वर्षं बाया तिला पाणवठ्यावर पुढे जाऊ द्यायच्या आणि आपण मागे थांबायच्या. ती मागे राहू नये म्हणून.

तू डाक सोडली नाहीस. घुंगरू तसेच वाजत राहिले. पण त्या दिवसानंतर कोणी अंतर विचारलं की तू विचारायचास, "चालनार कोन हाय?" उत्तर मिळाल्यावर त्या माणसाकडे निरखून पाहायचास, पायांपासून वर, गिऱ्हाईक बैल बघतं तसं. तू सांगितलेला वेळ पुढे कधी चुकला नाही. सासरी निघालेल्या पोरी, दवाखान्याला निघालेले म्हातारे, सगळे तुला विचारून निघायचे. माझ्या वादातलं निम्मं तू न बोलता मान्य केलंस. उरलेल्या निम्म्यावर, मागे काय होतं यावर, तू एक अक्षर बोलला नाहीस. मी तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी तू म्हणालास, "दाजी, तुमी हिशेबी मानूस. तुमच्यात ते बसनार न्हाई."

मग यंदा तुझी छाती गेली. आधी डाकेचा टप्पा गेला, मग गाव, मग ओटा. शेवटी खाटेपासून दारापर्यंत जायचं तर तू मध्ये खांब धरून उभा राहायचास. तोंड उघडं. मी समोर बसलेलो असायचो. एकदा तू खांबाला टेकून माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "दाजी, हे असं असतंय व्हय?"

"असंच असतं."

"आन् तुमी मारुतीपतोर पळत आलतात."

"अर्ध्यापर्यंत."

"लई झालं की," तू म्हणालास.

मन्मथ, मला आयुष्यात पुष्कळांनी शाबासकी दिली. ही एक मी जपून ठेवली आहे.

त्याच आठवड्यात तू दुसरं बोललास, ते मला तेव्हा कळलं नाही. तू दारापर्यंत जाऊन आलास, खाटेवर टेकलास आणि म्हणालास, "ती लई सबुरीची हाय. मी थांबलो की थांबती. म्होरं जात न्हाई." मला वाटलं पार्वतीविषयी बोलतो आहेस. मी म्हणालो, "बायको चांगली मिळाली तुला." तू माझ्याकडे पाहिलंस, हसलास आणि डोळे मिटलेस.

तुला समाधीत बसवलं त्या दिवशी खड्ड्याचं माप माझ्याकडे आलं. आपल्या लिंगायतांत माणसाची समाधी त्याच्याच पावलाने मोजतात. मी तुझ्या तळव्याएवढी काडी तोडली. टाचेला, अंगठ्याला धरून दोनदा पाहिली, कारण असं काम एकदाच करता येतं. खणणाऱ्याने विचारलं, "आप्पा, पाऊल लहानच हाय की. ह्या पायानं ते एवढं पळायचे?" मीही काडीकडे पाहत राहिलो. गिरजाचं पाऊल तुझ्याहून मोठं आहे. मी आयुष्यभर तुला माझ्याहून मोठ्या मापाचा समजत आलो, आणि तसं काही नव्हतं. त्या लहान खड्ड्यात तू मांडी घालून बसलास. जंगमाने कपाळाला विभूती लावली, बेल वाहिला.

काल पार्वती दुकानात आली. गिऱ्हाईक जाईपर्यंत कोपऱ्यात बसून राहिली. मग म्हणाली, "दाजी, एक इचारू? तुमी हिशेबी हाव म्हनून इचारते."

मी तिला आधी तुझं ते बोलणं सांगितलं, सबुरीचं. म्हणालो, "तुझी आठवण काढत होता."

ती म्हणाली, "कोनत्या दिशी?"

मी सांगितलं.

"त्या दिशी मी शेवंताच्या गावाला गेलते, दाजी. त्यांना दाराशी न्यायला घरात कोनीच न्हवतं."

हे खरं होतं. गिरजाने तुला जेवण वाढलं होतं आणि ती घरी परतली होती. मी तुझ्यासमोर बसलो होतो. तू एकटाच चाललास. मी पाहिलं होतं.

मग पार्वतीने मला माळावरचं सांगितलं. तिने ते कोणालाच सांगितलं नव्हतं. ओढ्यापाशी तिच्या पोटात कळ आली आणि ती चालायला लागली. सगळी माणसं पुढे गेली. पुढची शेवटची पाठ दिसेनाशी झाली. मागे पावलं होती. पार्वती थांबली की पावलं थांबायची. ती निघाली की निघायची. "तुमाला खरं सांगू, दाजी? मला भ्या न्हाई वाटलं. सगळं गाव पळून गेलतं. माझ्या चालीनं चालनारं त्या माळावर तेवढंच होतं."

"आणि मन्मथ आला तेव्हा?"

"ते पळत आले. मग थांबले आन् म्हनले, तुझ्या मागं ही बाई कोन हाय? मी म्हनलं, मला काय म्हाईत, मी कुठं वळून बगितलं. मंग जवळ आले. माझा हात धरला. म्हनले, हळूच चल, घाई न्हाई. मला आडोसा करून मागच्या अंगानं चालत आले."

मी तिला सांगितलं की घरटी सगळी माणसं तोवर आत आली होती. मी भिंतीशी उभा होतो, बाहेर तिच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. ही बाई माझ्या हिशेबात बसत नाही.

"न्हाईच बसायची," पार्वती म्हणाली. मग तिने तिचा प्रश्न विचारला. "ते फुडं गेले. मला यायला अजून लई वरीस लागतील. माझं तब्येतीनं बरं हाय. तवर ते थांबतील का? त्यांना थांबायची सवय न्हाई. त्या बारीला वेशीत पाठ करून हुबे ऱ्हायले, तसंच हुबे ऱ्हायले तर?"

जे मी डोळ्याने पाहिलं होतं तेवढं तिला सांगितलं, आणि तेच तुलाही लिहून कळवतो, म्हणजे तुझा घोटाळा व्हायला नको. समाधी गावाच्या दक्षिणेला आहे. जंगमाने तुझं तोंड उत्तरेला केलं. माती लोटण्याआधी मी खाली उतरून पाहिलं, रेघेत आहे की नाही. समोर गावाची दक्षिणेकडची वेस आहे, वेशीतून तुमची गल्ली आहे. ती ज्या वाटेने येईल त्या वाटेकडे तुझं तोंड आहे. मध्ये काही आड येत नाही.

तुझा दाजी